माशांचा खंड कोणाला द्यायचा?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून जोरदार भांडण झालं. बोअर जवळजवळ आटली होती, रोज टँकर येत होते आणि टँकरचे पैसे कसे वाटून घ्यायचे यावर कुणाचंच एकमत होत नव्हतं. मोठ्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं, सगळ्यांना सारखे. वन बीएचकेत दोघंच राहणाऱ्या आमच्यासारख्यांचं म्हणणं, घरात जेवढे नळ तेवढे पैसे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी सरळ मीटर बसवायचा विषय काढला, बोअरच्या पाण्यालासुद्धा. त्यावर चौथ्या मजल्यावरचे काका उसळले. "टँकरचे घ्या पैसे. पण बोअरचं पाणी काय कुणी बनवलंय का? जमिनीतलं पाणी आहे. त्याचं कसलं बिल?" साडेअकराला मीटिंग संपली, ठराव काहीच झाला नाही.

मी नोकरीत बिलिंगचंच सॉफ्टवेअर लिहितो. कुठल्या ग्राहकाने आमचा सर्व्हर किती मिनिटं वापरला हे मोजायचं आणि महिनाअखेरीला आकडा काढायचा. त्यामुळे असेल कदाचित, पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. जे कुणी बनवलेलंच नाही, त्याचं बिल नक्की कशाचं असतं? आणि ते पाठवण्याचा हक्क कुणाला? रात्री फोनवर या प्रश्नाच्या मागे वाचत वाचत मी भलतीकडेच पोचलो. पॅसिफिक महासागरात, ट्यूनापाशी. ट्यूना म्हणजे आपल्याकडचा कुपा. जगात पकडल्या जाणाऱ्या ट्यूनापैकी निम्म्याहून जास्त पश्चिम आणि मध्य पॅसिफिकमधून येतो, आणि काकांच्या प्रश्नावर तिथे गेली चाळीस वर्षं भांडण चालू आहे.

आधी सोपा भाग. या समुद्रातल्या ट्यूनाची व्यवस्था बघायला २००४ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याचं ऑफिस मायक्रोनेशियातल्या पोनपे बेटावर. ऑफिस म्हटलं की खर्च आला: शास्त्रज्ञ, डेटा, बैठका, विमानाची तिकिटं. हा खर्च सदस्य देशांत कसा वाटायचा याचा फॉर्म्युला वाचून मला हसू आलं. १० टक्के सगळ्यांना सारखे, २० टक्के देशाच्या श्रीमंतीप्रमाणे, ७० टक्के कोण किती मासे पकडतो त्याप्रमाणे. आमच्या मीटिंगमधल्या तिन्ही गटांना खूश करून ठेवलंय!

पण हे झालं मेंटेनन्स. वॉचमनचा पगार, लिफ्टची दुरुस्ती. पकडीप्रमाणे वाटणी केली तरी त्यातून वसूल होतो तो व्यवस्थेचा खर्च, माशाची किंमत त्यात धरलेलीच नाही. शिवाय हे पैसे देतं सरकार. म्हणजे ज्याने आयुष्यात जाळं पाहिलं नाही असा त्या देशातला करदाता देतो आणि मासा जहाजमालकाला मिळतो.

आपल्याकडे शेतीत याहून वेगळा एक शब्द होता. दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ मालकाला खंड द्यायचं. खंड म्हणजे दुरुस्तीखर्च नव्हे. जमीन वापरायला मिळाली, तिच्यात पीक आलं, त्यातला वाटा. मेंटेनन्स देताना आपण सगळे भागीदार असतो. खंड देताना मात्र समोर कुणीतरी मालक आहे हे कबूल करावं लागतं. भांडण खरं तिथे सुरू होतं.

१९८२ च्या समुद्री कायद्याच्या कराराने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर किनाऱ्याच्या देशाचा हक्क मान्य केला. पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशांसाठी ही लॉटरी होती. किरिबाटीचं उदाहरण घ्या (उच्चार किरिबास). जमीन ८११ चौरस किलोमीटर, लोक सव्वा लाखाच्या आसपास, आणि समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर. भारताच्या अख्ख्या भूभागापेक्षा मोठा. कागदावर.

प्रत्यक्षात अमेरिकेने ट्यूनाला या हक्कातून वगळलं होतं. त्यांचा युक्तिवाद आमच्या काकांचाच होता. ट्यूना भटका मासा आहे, आज इथे उद्या तिथे, मग तो किनाऱ्यावरच्या देशाचा कसा? जो पकडेल त्याचा. १९८४ मध्ये सॉलोमन बेटांनी 'जॅनेट डायना' नावाचं अमेरिकी ट्यूना जहाज आपल्या समुद्रात विनापरवाना मासेमारी केली म्हणून जप्त केलं, तर अमेरिकेने उलट सॉलोमनच्या माशांवर आयातबंदी घातली. पुढच्या वर्षी किरिबासने सोव्हिएत युनियनशी मासेमारीचा करार केला. शीतयुद्धाचे दिवस. तत्त्वज्ञानाने जे झालं नव्हतं ते आता झालं, आणि १९८७ मध्ये अमेरिकेने या बेटांशी पैसे देऊन मासेमारी करण्याचा करार केला. भटका मासा एकदम कुणाचा तरी झाला.

तरीही बेटांच्या हाती फार काही लागत नव्हतं. कारण अर्थशास्त्रातलं जुनंच आहे. समजा मी किरिबास आहे आणि फी वाढवली. जहाज शेजारच्या तुवालूत जाईल. मासाही तोच आहे, आज माझ्याकडे, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे. मग तुवालूला फी कमी ठेवण्यातच फायदा, आणि ते बघून मलाही. सगळे मिळून एकमेकांचे भाव पाडतात आणि जहाजवाला निवांत बसून बघतो. बराच काळ या बेटांना पकडीच्या किमतीच्या पाच-सहा टक्केच पदरात पडत होते.

याच्या उलट टोकाचं गणित, म्हणजे कुणीच फी घेतली नाही तर काय होतं, हे स्कॉट गॉर्डन नावाच्या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं. मासा फुकट असेल आणि धंद्यात नफा असेल तर आणखी बोटी येतात. नफा उरतो तोवर येतच राहतात. शेवटी प्रत्येक बोट खर्चापुरतंच कमावते आणि मासे कमी झालेले असतात. म्हणजे फुकट माशाचा फायदा शेवटी मच्छीमारालाही होत नाही, तो डिझेलमध्ये जळून जातो. मला वाटतं काकांना हे पटायला सगळ्यात अवघड जाईल. "कुणाचंच नाही" या वाक्याचा अर्थ "सगळ्यांचं" असा आपण घेतो. बोअरच्या बाबतीत त्याचा अर्थ ज्याची मोटर मोठी त्याचं असा असतो, आणि समुद्रात ज्याचं जहाज मोठं त्याचं. फी न लावणं हीसुद्धा वाटणीच आहे. फक्त ती कुणी ठरवली ते दिसत नाही.

नौरू करार १९८२ मध्येच झाला होता, आणि त्यात आज आठ बेट-देश आहेत: मायक्रोनेशिया, किरिबास, मार्शल बेटं, नौरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि तुवालू. २००७ च्या अखेरीला त्यांनी त्याला खरे दात बसवले. 'व्हेसल डे स्कीम', म्हणजे जहाज-दिवसांची योजना. आठ देशांच्या समुद्रात पर्ससीन जहाजांनी वर्षात एकूण किती दिवस मासेमारी करायची ते आधी ठरतं, साधारण ४५,००० दिवस. ते दिवस देशांत वाटले जातात आणि देश ते जहाजांना विकतात. एका दिवसाची किमान किंमत सगळ्यांनी मिळून ठरवलेली. २०१२ मध्ये ती ५,००० डॉलर होती, २०१५ पासून ८,००० आणि प्रत्यक्ष भाव त्याच्याही वर. शेजाऱ्याकडे स्वस्तात जायची सोय संपली. आठही देशांचं मिळून २०१० मध्ये सहा कोटी डॉलरच्या आसपास असलेलं उत्पन्न काही वर्षांत ५० कोटींच्या घरात गेलं.

इथे बिलिंगवाला म्हणून माझे कान टवकारले. मासे किलोवर विकले जातात, मग फी दिवसावर का? कारण किलो किती हे जहाजवालाच सांगणार. समुद्राच्या मध्यावर कोण वजन करायला जातंय! जहाज आज कुठे होतं हे मात्र उपग्रह सांगतो. आमच्या धंद्यातही पहिला नियम हाच, ग्राहक स्वतः जो आकडा कळवतो त्यावर बिल लावू नये. पण दुसरा नियमही तितकाच खरा आहे. ज्याचं बिल लावाल ते सोडून बाकी सगळं ग्राहक वाढवतो. दिवसाला पैसे म्हटल्यावर जहाजं एका दिवसात जास्तीत जास्त मासे कसे निघतील याच्या मागे लागली. समुद्रात तराफे सोडायचे, त्यांच्या सावलीला मासे जमतात, आणि तराफ्यावरचं यंत्र खाली किती मासे आहेत ते उपग्रहामार्फत जहाजाला कळवतं. शिवाय "आज आम्ही मासेमारी केलीच नाही, नुसता प्रवास केला, हा दिवस मोजू नका" अशा मागण्या. या शेवटच्या प्रकाराची सपोर्ट तिकिटं मी स्वतः सोडवलेली आहेत, सर्व्हरच्या बाबतीत.

खंड घेतला की प्रश्न सुटला असंही नाही. हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांवरचा एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी उशीर झाला की लाज वाटायची, आता पैसे टाकले की झालं. दंड काढल्यावरही ते कमी झाले नाहीत. माशाच्या फीवर हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. पैसे भरले म्हणजे ओरबाडायचा परवाना मिळाला, असं होणार नाही का? माझं उत्तर असं की नुसती फी असेल तर होईल. जहाज-दिवसांच्या योजनेत ४५,००० चा आकडा आधी येतो आणि किंमत नंतर. या समुद्रातले ट्यूनाचे चारही मुख्य साठे आज अतिमासेमारीच्या रेषेच्या अलीकडे आहेत, त्याचं श्रेय मी आधी मर्यादेला देईन, मग किमतीला. किंमत मर्यादा पाळण्याला आधार देते, तिची जागा घेऊ शकत नाही.

पण विकणाऱ्याचं काय? ही बाजू मी आधी लक्षातच घेतली नव्हती. किरिबासने २००८ मध्ये फीनिक्स बेटांभोवतीचा सुमारे चार लाख चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित केला. २०१० मध्ये तो जागतिक वारसा झाला, २०१५ पासून तिथे व्यावसायिक मासेमारी पूर्ण बंद. जगभर कौतुक झालं. आणि २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केलं की हा भाग आम्ही पुन्हा खुला करणार. पैशांसाठी. ज्या देशाच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग, काही वर्षी ७० टक्क्यांहून जास्त, मासेमारीच्या परवान्यांतून येतो, त्याला प्रत्येक न विकलेला दिवस म्हणजे न बांधलेला दवाखाना दिसणार. मी एसीत बसून त्यांना नावं ठेवणार नाही. पण यातून एक गोष्ट दिसते. मालकी मिळाली की माणूस राखणदार होतो असं आपण गृहीत धरतो, प्रत्यक्षात तो विक्रेताही होतो. त्या दोघांत कोण जिंकणार हे घरखर्च ठरवतो.

राखणदारावरून आठवलं. २०१० पासून या समुद्रातल्या प्रत्येक पर्ससीन जहाजावर एक निरीक्षक असतो. बहुतेक बेटांवरचीच तरुण माणसं, माझ्याच वयाची. काय पकडलं, काय फेकलं, नियम मोडला का, हे लिहून ठेवायचं काम. खर्च जहाजमालकाकडून वसूल होतो, आणि तत्त्व म्हणून ते बरोबरच वाटतं, धंदा तुमचा तर तपासणीचा खर्चही तुमचा. पण तो माणूस आठवडेच्या आठवडे त्याच जहाजावर एकटा असतो, त्यांच्यातच जेवतो, त्यांच्यातच झोपतो. काही निरीक्षक समुद्रावरून परतलेच नाहीत. हिशेबात ही नोंद 'व्यवस्थापन खर्च' या एका ओळीत येते. खर्च कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न आर्थिक आहे, पण राखणदार कुणाच्या ताटात जेवतो हाही प्रश्न आहेच.

आणि पैसे घेणारा छोटा असेल तर? २०१५ मध्ये ट्यूनाचे भाव पडले. दोन वर्षांपूर्वी टनाला २,००० डॉलरच्या वर गेलेला स्किपजॅक हजाराच्या आसपास आला. अमेरिकी जहाजांनी २०१६ साठी दिवस विकत घ्यायचं कबूल केलं होतं, आता म्हणाले परवडत नाही. बेटांनी जानेवारीत परवानेच दिले नाहीत, आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाची जहाजं बंदरात उभी राहिली. अमेरिकेने करारातून बाहेर पडायची नोटीस दिली, मग बोलणी झाली आणि वर्षअखेरीला नवा करार. हे वाचताना मला आनंद झाला होता हे कबूल करतो. आनंद झाला म्हणून ते न्याय्य ठरत नाही, तेही कबूल.

आता खरी अडचण. हे सगळं २०० मैलांच्या आत. त्याच्या बाहेर खुला समुद्र, आणि तिथे माशाचा खंड घेणारं कुणीच नाही. म्हणजे एकच स्किपजॅक सोमवारी किरिबासच्या हद्दीत असताना त्याच्यामागे लागायला दिवसाचे आठ-दहा हजार डॉलर पडतात आणि गुरुवारी रेषा ओलांडली की शून्य. आठ देशांनी यावर चलाखी केली. त्यांच्या समुद्रांच्या मधले खुल्या पाण्याचे जे काही तुकडे आहेत, तिथे मासेमारी करणाऱ्या जहाजाला आमच्याकडे परवाना नाही अशी अट घातली. पण हे तुकड्यांपुरतं. सगळ्या महासागराला अशी अट कोण घालणार?

गंमत अशी की त्याच खुल्या समुद्राच्या तळाला वेगळा कायदा आहे. १९६७ मध्ये माल्टाचे आर्विड पार्दो संयुक्त राष्ट्रांत म्हणाले की समुद्रतळ हा सगळ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानला पाहिजे, आणि पुढे ते करारात आलं. तिथले धातूचे गोटे कुणी काढले तर त्यातला वाटा सगळ्या जगाला द्यायचा. भारताचाही यात संबंध आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने १९८१ मध्ये हिंदी महासागरातून असे गोटे वर काढले, आणि आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळ भारताकडे शोधकार्यासाठी आहे. उद्या आपण ते गोटे विकले तर खंड द्यावा लागणार. त्याच पाण्यात वर पोहणारा मासा कुणीही घेऊन जावा, फुकट. दगड सगळ्यांचा आणि मासा पहिल्या येणाऱ्याचा, याचं नैतिक कारण मला तरी सापडलं नाही. ऐतिहासिक कारण सोपं आहे. तळाला पोचायचं तंत्रज्ञान कुणाकडेच नव्हतं तेव्हा वाटणी ठरली. मासे पकडणारे आधीच तिथे होते.

फुकट हाही शब्द खरं तर कमी पडतो. २०१८ मधल्या एका अभ्यासानुसार खुल्या समुद्रावरची बरीचशी मासेमारी चीन, तैवान, जपान, इंडोनेशिया, स्पेन आणि दक्षिण कोरिया या सहांची, आणि सरकारी अनुदान काढलं तर निम्म्याहून जास्त मासेमारी-क्षेत्रं तोट्यात. म्हणजे खंड देणं लांबच, तिथे जाण्यासाठी उलट पैसे मिळतात. जागतिक व्यापार संघटनेत यावरून भारत भांडतो तेव्हा मला आधी वाटायचं की आपल्याला आपली डिझेल-सवलत टिकवायची आहे म्हणून. तेही आहेच. पण किनाऱ्याजवळ दोन दिवस जाऊन येणारी होडी आणि दोन महासागर ओलांडून येणारं जहाज यांना एकाच नियमात बसवू नका, हे म्हणणं चुकीचं कसं म्हणायचं? सगळ्या फ्लॅटना सारखे पैसे, असं ऐकायला समान वाटणारं काहीतरी आम्हीही मीटिंगमध्ये ऐकलं होतं.

माझं मत असं झालंय की खुल्या समुद्रावरही खंड घ्यावा, थेट जहाजाकडून, मर्यादा ठरवून, आणि त्यातला वाटा समुद्रतळासारखाच सगळ्यांचा धरावा. यात एक भगदाड आहे ते मला दिसतंय. आठ देशांचं जमलं कारण मासा त्यांच्या अंगणातून जातो आणि जहाजांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. खुल्या समुद्राला अंगणच नाही. त्यात पाणी तापतंय. अंदाज असा आहे की उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर २०५० पर्यंत ट्यूना पूर्वेकडे सरकत जाऊन पॅसिफिकमधल्या दहा बेट-देशांच्या समुद्रातली पर्ससीनची पकड सरासरी २० टक्क्यांनी घटेल. त्यातला बराच मासा त्या रेषेपलीकडे जाईल, फुकटच्या पाण्यात. ज्यांनी हवा तापवण्यात जवळजवळ काहीच हातभार लावला नाही त्यांचं बिल कमी होणार, आणि ज्यांनी तापवली त्यांच्यापैकी काहींचा खंड वाचणार.

आमच्या सोसायटीत शेवटी मीटर बसले, बोअरच्या लाइनलाही. काका माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. परवा लिफ्टमध्ये भेटले. शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहतोय, तिथे आमच्याहून बरीच खोल बोअर मारली आहे आणि आमची पुन्हा खाली गेली आहे.

"मीटर लावले तुम्ही पोरांनी, बरं केलं," काका म्हणाले. "आता त्यांच्या बोअरला कोण लावणार ते सांग."

चौथा मजला आला आणि ते उतरले.